अजून एक अटेम्प्ट

(मंडळाच्या गणेशोत्सवात विद्यार्थी-पालक कार्यक्रमात दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे.)

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सर्व सभासद, विजय नगरातले काका-काकू, ऑफिसातून मुद्दाम आलेले माझे सहकारी आणि मागच्या रांगेत मोबाईल घेऊन बसलेल्या मुलांनो,

सेक्रेटरी साहेबांनी मला विषय दिला, "पदवीनंतर काय?" मी म्हटलं, साहेब, माझ्याकडे पदवीच नाही. मी साधा डिप्लोमावाला. ते म्हणाले, "म्हणूनच तर. तरी तू रेल्वेत इंजिनीअर झालास ना, ते सांग."

तर ते सांगतो. पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगणार आहे, आणि ती सांगायची परवानगी मी घरी मागून घेतली आहे.

मी मूळचा भुसावळचा. वडील रेल्वेत फिटर. 1999 साली मी जळगावच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. पेढे वाटले आणि त्यानंतर सहा वर्षं पेढे वाटण्यासारखं काही घडलं नाही. दोन वर्षं नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे होतो. बारा तासांची पाळी, हातात अठराशे रुपये. एके दिवशी ठेकेदाराने सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मी भुसावळला परत आलो आणि पुढचं एक वर्ष घरी बसून काढलं. घरी बसणं म्हणजे काय, हे बसलेल्यालाच कळतं. त्या वर्षी मी एकाही लग्नाला गेलो नाही. पंगतीत कोणी ना कोणी विचारणारच, "सध्या काय चाललंय?" मग आईने डब्यात आणलेले लाडू घरी खायचे.

नंतर डिप्लोमाच्या मुलांना इंजिनीअरिंग ड्रॉइंगची शिकवणी सुरू केली, तीन वर्षं तीच चालली. एएमआयईचा फॉर्म भरला, काही पेपर काढले, बाकीचे आजही राहिलेत. दर आठवड्याला स्टेशनवर जाऊन 'रोजगार समाचार' घ्यायचा, डिमांड ड्राफ्ट काढायचा, फॉर्म पाठवायचा. वडील जास्त बोलत नसत. निकाल लागला नाही की एवढंच म्हणत, "अजून एक अटेम्प्ट दे."

1 एप्रिल 2003 ला पश्चिम मध्य रेल्वे हा नवा झोन सुरू झाला, जबलपूर त्याचं मुख्यालय झालं. पुढे भोपाळ बोर्डाची जाहिरात आली, ज्युनिअर इंजिनीअर ग्रेड टू, पात्रता डिप्लोमा. परीक्षेच्या आदल्या रात्री भोपाळ स्टेशनजवळच्या एका लॉजच्या खोलीत आम्ही तिघं मित्र होतो. तिघांनी एकच पुस्तक वाटून वाचलं. निकालात नंबर माझा आला. 2005 मध्ये मी कटनीच्या डिझेल शेडला रुजू झालो, पुढे विजय नगरात घर केलं आणि इथून अप-डाउन सुरू केलं.

त्या दोघांचं काय झालं? एक विम्याचं काम करतो, दुसऱ्याचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दोघंही माझ्याइतकेच हुशार, एक तर माझ्यापेक्षा जास्तच. पण त्यांना कोणी असं व्यासपीठावर बोलावत नाही. मला बोलावतात. आणि मी वर्षानुवर्षं सगळ्यांना हेच सांगत आलो की चिकाटी सोडू नका, मी सोडली नाही म्हणून मला मिळालं. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की नवा झोन निघाला, जाहिरात निघाली आणि त्या दिवशीचा पेपर मला जमला. हे मी कधी सांगितलं नाही. मला तरी कुठे कळत होतं?

आता दुसरी गोष्ट.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. 2014 साली बी.ई. मेकॅनिकल झाला. त्या काळी इंजिनीअरिंग कॉलेजं इतकी निघाली होती, की कॅम्पसला कंपनी येणार म्हटलं तरी बातमी व्हायची. बहिणीने फोन केला, "तुझ्याकडे पाठवते, तू रेल्वेत आहेस, त्याला मार्गी लाव." मामाच्या घरी भाचा आला. मी त्याला वरची खोली दिली, टेबल दिलं, पुस्तकं दिली आणि वडिलांचं ते वाक्य दिलं.

त्याने काय काय दिलं नाही! ज्युनिअर इंजिनीअर दिली, असिस्टंट लोको पायलट दिली. 2019 ची जे.ई.ची दुसरी फेरी थोड्या गुणांनी गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये एनटीपीसीचा फॉर्म भरला. जागा सुमारे 35 हजार, अर्ज सव्वा कोटी. म्हणजे एका जागेमागे साडेतीनशेच्या वर उमेदवार. फॉर्म भरला 2019 च्या मार्चमध्ये, पहिली परीक्षा सुरू झाली 28 डिसेंबर 2020 ला, आणि त्या पहिल्या टप्प्याचा निकाल आला जानेवारी 2022 मध्ये. बिहारमध्ये त्या निकालावरून केवढं आंदोलन झालं ते आपण टीव्हीवर पाहिलं. गाड्यांचं नुकसान झालं याचं रेल्वेवाला म्हणून मला वाईट वाटलंच. पण तीन वर्षं एका निकालाची वाट पाहणारा मुलगा आमच्या वरच्या खोलीतही बसला होता. फॉर्म भरताना तो सव्वीस वर्षांचा होता, निकाल बघताना एकोणतीस.

आणि मी दर वेळी म्हणालो, अजून एक.

जबलपूरच्या आपल्या जुन्या घरांमध्ये हा विषय वेगळा का वाटतो, त्यालाही कारण आहे. इथे आलेल्या आपल्या लोकांच्या वाटा ठरलेल्या होत्या. 1904 ची गन कॅरेज फॅक्टरी, मग खमरियाची ऑर्डनन्स, 1969 ची व्हेईकल फॅक्टरी, हायकोर्ट, बिजली बोर्ड, रेल्वे. वडील लागले, मुलगा लागला. आज बिजली बोर्डाच्या कंपन्या झाल्या आहेत. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड 1 ऑक्टोबर 2021 ला बरखास्त होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. दारं बंद झाली असं मी म्हणत नाही. रेल्वेत आजही भरती होते. पण बापाच्या पावलावर पाऊल ठेवून आत जाता येईल, अशी ती दारं आता नाहीत. आपण घरात मात्र अजून तसंच बोलतो.

मला हे कळलं ते पुस्तकातून नाही. 2021 च्या मार्चमध्ये आपला झोन देशातला पहिला पूर्ण विद्युतीकरण झालेला झोन ठरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण मी डिझेलचा माणूस. अल्को इंजिनाचे सोळा सिलिंडर चालू असताना नुसत्या आवाजावरून मी सांगायचो की कुठला बिघडलाय. आता शेडमध्ये विजेची थ्री-फेज इंजिनं येऊ लागली. त्यांना तसा आवाजच नाही. लॅपटॉप जोडायचा आणि बिघाडाची नोंद वाचायची. एक्केचाळिसाव्या वर्षी मी ट्रेनिंगला बसलो, शेजारी चोवीस वर्षांची पोरं. पहिले पंधरा दिवस मला काही कळत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. रात्री घरी आलो की वरच्या खोलीतला दिवा दिसायचा. आधी तो दिवा पाहून मला बरं वाटायचं, पोरगं अभ्यास करतंय. त्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा मनात आलं की ह्यालाही विचारायची लाज वाटत असेल का?

माझे वडील वाफेच्या इंजिनावर खलाशी म्हणून लागले होते आणि विजेच्या इंजिनावरून निवृत्त झाले. तो बदल त्यांनी कसा झेलला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

जानेवारी 2022 च्या निकालानंतर एका संध्याकाळी आम्ही दोघं कचनार सिटीच्या शंकराच्या मूर्तीपर्यंत फिरायला गेलो. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "हरकत नाही, पुढची जाहिरात..." तो म्हणाला, "मामा, एक सांगू? तुम्ही घरी असता तेव्हा मी अभ्यास करतो. तुम्ही ड्युटीवर गेलात की मी नुसता बसून असतो. दोन वर्षं झाली."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं. परत येताना अहिंसा चौकात चहा घेतला, तोही न बोलता.

त्या रात्री त्याच्या मामीने मला आठवण करून दिली, की 2020 च्या लॉकडाउनमध्ये मिस्त्री येत नव्हते तेव्हा आपल्या गल्लीतले कूलर कोणी चालू केले? शेजारच्या काकूंचा फ्रीज कोणी उघडला? ह्यानेच. मी तेव्हा त्याला रागावलो होतो. "ही कामं करायला बी.ई. केलंस का?" असं म्हणालो होतो. हे वाक्य माझं आहे, ते मला आज इथे कबूल करायचं होतं.

पुढे तो रेफ्रिजरेशनच्या कोर्सला बसला. वयाच्या तिसाव्या वर्षी, दहावी झालेल्या पोरांच्या शेजारी. आपल्या जबलपूरचा मटार सगळीकडे जातो. पाटण, शहपुऱ्याकडून हिवाळ्यात गाड्या भरभरून येतात. तो मटार वाफवून, गार करून, गोठवून उणे 18 अंशांवर ठेवतात, तेव्हा तो वर्षभर टिकतो. त्यासाठी अमोनियाचे मोठे कॉम्प्रेसर लागतात आणि ते रात्री दोनला बिघडले तर रात्री दोनलाच दुरुस्त करावे लागतात. अशा एका ठिकाणी तो आता देखभालीचं काम बघतो.

ही यशोगाथा नाही, गैरसमज करून घेऊ नका. पगार माझ्या शेडमधल्या नव्या टेक्निशियनपेक्षा कमी आहे. सीझनमध्ये झोप नाही, सीझन संपला की काम कमी. लग्नाच्या दोन ठिकाणी "प्रायव्हेट आहे" म्हणून नकार आला, त्यातलं एक ठिकाण आपल्याच मंडळाच्या ओळखीतलं. बहीण अजून माझ्याशी पूर्वीसारखी बोलत नाही. तिचं म्हणणं, तुझ्याकडे पाठवलं आणि आठ वर्षं गेली. तिला काय उत्तर देणार? पण मागच्या डिसेंबरात त्याच्या पाळीला मी डबा घेऊन गेलो होतो. तो कॉम्प्रेसरच्या अंगाला हात लावून उभा होता आणि म्हणाला, "मामा, ऐका, बेअरिंग जाणार आहे." मी कान दिला. मला काही ऐकू आलं नाही. त्याला आलं.

मुलांनो, तुम्हाला एक जबलपूरचंच उदाहरण देतो. ऑफिसात हिंदी पखवाडा असतो, तिथे एका वक्त्याने सांगितलं होतं, मग मी आणखी माहिती घेतली. गजानन माधव मुक्तिबोध. हिंदीतले एवढे मोठे कवी, पण घरची भाषा मराठी. धाकटे भाऊ शरच्चंद्र तर मराठीतलेच कवी. गजानन 1938 साली बी.ए. झाले. त्यानंतर बडनगर, शुजालपूर, उज्जैन, बनारस, इथे शाळेत शिकव, तिथे मासिकात काम कर. 1946 च्या सुमारास आपल्या जबलपुरात आले, हितकारिणी शाळेत शिकवलं, वर्तमानपत्रात काम केलं. मग नागपूर, सरकारी माहिती खातं, आकाशवाणी. संसार मोठा, पैसा कधी पुरला नाही. आणि 1954 मध्ये, बी.ए.नंतर सोळा वर्षांनी, त्यांनी नागपूर विद्यापीठातून एम.ए. केलं. त्या एम.ए.वर 1958 मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. वय चाळीस. ती जेमतेम सहा वर्षं लाभली. 11 सप्टेंबर 1964 ला ते गेले. पहिला कवितासंग्रह छापून आला तोही त्यानंतर.

असं आयुष्य तुमच्या वाट्याला यावं असं मी कसं म्हणेन? मला त्यात एवढंच दिसलं की त्या वीस वर्षांत नोकऱ्या सुटल्या, गावं सुटली, पण लिहिणं सुटलं नाही. आमच्या वरच्या खोलीत उलटं झालं होतं. अभ्यासाच्या नावाखाली पोराच्या हातातलं कामच मी काढून घेतलं होतं.

म्हणून आता कोणी विचारलं तर मी पहिल्या दिवशीच तारीख ठरवायला सांगतो. परीक्षा द्या, जरूर द्या, पण किती वर्षं ते आधी कागदावर लिहा आणि तो कागद आईकडे ठेवायला द्या. तोपर्यंत सकाळचे चार तास कुठे तरी काम करा. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली पदवी आणि डिप्लोमावाल्यांना वर्षभर स्टायपेंड घेऊन काम शिकता येतं, हे आपल्या अर्ध्या मुलांना माहीतच नसतं. शिकवणी घ्या, कूलर दुरुस्त करा. आणि पालकांनो, गणपतीच्या आरतीला आलेल्या मुलाला "सध्या काय?" असं विचारू नका. प्रसाद द्या.

सेक्रेटरी साहेब घड्याळ दाखवत आहेत. विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी इथेच मंडपात बसणार आहे, अप्रेंटिसचे फॉर्म कसे भरायचे ते दाखवायला. भाचाही येणार आहे. सीझन सुरू व्हायला अजून वेळ आहे, म्हणाला येतो. त्याला मशीनबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, त्याला आवडतं. चहा मंडळाकडून.

गणपती बाप्पा मोरया!