छत्तीस गुणांचा प्रश्न

(अभ्यासिकेत पदवी व अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वक्ता नाही. त्यामुळे मोठा विषय घेऊन आलेलो नाही. आज आपण फक्त एक गणित करणार आहोत. कॉलेजमध्ये तुमचा अंतिम निकाल कसा तयार होतो, एवढंच. सोपं आहे, पण ते न आल्यामुळे माझं एक वर्ष वाया गेलं आणि गेल्या महिन्यात माझ्या भाचीचंही जाणार होतं.

तिच्यापासून सुरुवात करतो. एका रात्री तिचा फोन आला, "मामू, मी या पेपरला बसत नाही." सत्राच्या मध्यावर परीक्षा होती, तेव्हा तिची अम्मी ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. पोरीला ३० पैकी ४ गुण पडले. अंतिम पेपर ७० गुणांचा. दोन्ही मिळून १०० पैकी ४० हवेत. तिने हिशेब असा केला: ३० पैकी ४ म्हणजे साधारण १३ टक्के. सरासरी ४० टक्के यायची तर अंतिम पेपरात ६७ टक्के पाहिजेत, म्हणजे ७० पैकी ४७. आणि ४७ तर वर्गातल्या हुशार मुलांनाही पडत नाहीत. मग बसायचं कशाला?

मी म्हटलं, "बेटा, वही घे. ४० हवेत, ४ आहेत. किती उरले?"

ती म्हणाली, "छत्तीस."

थोडा वेळ फोनवर कोणीच बोललं नाही. सत्तेचाळीस नव्हे, छत्तीस. अकरा गुणांचा फरक, आणि त्या अकरा गुणांपायी ती परीक्षाच सोडायला निघाली होती. आपल्याकडे मुलीचं एक वर्ष गेलं की घरात कसली चर्चा सुरू होते, ते मी सांगायला नको.

तिची चूक कुठे झाली? तिने १३ टक्के आणि ६७ टक्के यांची साधी सरासरी काढली, जणू दोन्ही परीक्षा सारख्याच वजनाच्या आहेत. पण एक ३० ची आहे आणि दुसरी ७० ची. या वजनालाच वेटेज किंवा भारांश म्हणतात.

माझ्या अब्बांचं किराणा दुकान होतं. शिक्षण सातवीपर्यंत. पण त्यांना कोणी विचारलं असतं की ४० रुपये किलोचा ९ किलो तांदूळ आणि १०० रुपये किलोचा १ किलो तांदूळ एकत्र केला तर भाव काय, तर ते ७० कधीच म्हणाले नसते. ३६० अधिक १००, भागिले १०. भाव ४६ रुपये. कॉलेजचा निकाल हेच गणित आहे. टक्के म्हणजे भाव, भारांश म्हणजे किलो.

आता जरा अवघड उदाहरण घेऊ. समजा एका विषयात चाचण्यांना २० टक्के, मधल्या परीक्षेला ३० टक्के आणि अंतिम परीक्षेला ५० टक्के भारांश आहे. चाचण्यांत तुम्हाला २५ पैकी १८ मिळाले, म्हणजे ७२ टक्के. ७२ चे २० टक्के म्हणजे १४.४. मधल्या परीक्षेत ४० पैकी २४, म्हणजे ६० टक्के. त्याचे ३० टक्के म्हणजे १८. दोन्ही मिळून ३२.४ तुमच्या खात्यात जमा. तुम्हाला एकूण ६० हवेत. उरले २७.६, आणि ते ५० मधून आणायचे आहेत. २७.६ भागिले ५० म्हणजे ५५.२ टक्के. अंतिम पेपर ८० गुणांचा असेल तर ४५ गुण लागतील. संपलं गणित.

दोन गोष्टी मात्र तपासा. सगळे भारांश मिळून १०० होतात ना? आणि अंतिम पेपरात स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं का? बऱ्याच ठिकाणी तशी अट असते. भाचीला मी तिचा नियम उघडून बघायला लावला. पेपरात किमान २८ हवे होते, आणि ३६ त्याच्या वरच होते.

आता माझी गोष्ट. आमच्या वेळी क्रेडिट नव्हते, टक्केवारी होती. दुसऱ्या वर्षी एम-थ्रीचा पेपर १०० गुणांचा आणि एका लॅबचं टर्मवर्क २५ गुणांचं. मी रात्र रात्र जागून त्या लॅबच्या फायली सजवल्या. सुंदर अक्षर, रंगीत आकृत्या. २५ पैकी २३ मिळाले. एम-थ्रीला केटी लागली. तिसऱ्या वर्षाअखेर माझी एकूण टक्केवारी ५८ वर अडकली. कॅम्पसला आलेल्या बहुतेक कंपन्यांची अट ६० ची होती. दोस्त आत मुलाखती देत होते आणि मी बाहेर त्यांच्या बॅगा सांभाळत होतो. पहिली नोकरी लागायला आणखी एक वर्ष गेलं. मेहनत कमी नव्हती. चुकीच्या जागी होती.

तुमच्याकडे आता क्रेडिट आहेत. साधारणपणे आठवड्याला एक तास थिअरी म्हणजे एक क्रेडिट, आणि प्रॅक्टिकलचे दोन तास म्हणजे एक क्रेडिट. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १० गुणांच्या पट्टीत 'ओ' म्हणजे १०, 'ए प्लस' ९, 'ए' ८, 'बी प्लस' ७, 'बी' ६, असं खाली येत नापासाला शून्य. प्रत्येक विषयाचे ग्रेड पॉइंट गुणिले क्रेडिट करा, बेरीज घ्या, एकूण क्रेडिटनी भागा. हा तुमचा एसजीपीए.

समजा मॅथ्स ४ क्रेडिट, त्यात ६. डेटा स्ट्रक्चर ३ क्रेडिट, त्यात ८. लॅब १ क्रेडिट, त्यात १०. साधी सरासरी ८ येते आणि माणूस खूश होतो. खरा हिशेब २४ अधिक २४ अधिक १०, म्हणजे ५८. भागिले ८. उत्तर ७.२५. आता मॅथ्स ६ वरून ७ केलं तर हाच आकडा ७.७५ होतो. लॅब १० वरून ९ झाली तर फक्त ०.१२५ ने घसरतो. परीक्षेआधीच्या रात्री काय हातात घ्यायचं, याचं उत्तर इथे आहे.

सीजीपीएलाही हाच नियम. एका सत्रात १८ क्रेडिटवर ८, दुसऱ्यात २२ क्रेडिटवर ६, तर सीजीपीए ७ नाही, ६.९ येतो. एखाद्या कंपनीची अट ७ ची असेल तर हा ०.१ किती महाग पडतो, ते मला विचारा.

ज्यांच्या घरात आधीच कोणी इंजिनिअर, प्राध्यापक आहे, त्यांना हे जेवताना कळतं. आपल्यापैकी अनेकजण घरातले पहिलेच कॉलेजात जाणारे. आपल्याला कोणी सांगत नाही आणि विचारायची लाज वाटते. म्हणून आपण नशिबाला किंवा स्वतःच्या डोक्याला दोष देतो. नियम अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानांवर छापलेला असतो. आपण थेट पहिल्या धड्यावर जातो.

आज घरी गेलात की एवढंच करा. प्रत्येक विषयाचं ते पान काढा, भारांश आणि क्रेडिट वहीच्या आतल्या बाजूला लिहा. गुण कळतील तसे भरत जा आणि उरलेले किती हवेत ते काढा. आकडा खरोखरच आवाक्याबाहेर असेल तर तेही वेळेत कळू द्या, म्हणजे सरांना भेटता येईल, दुसऱ्या विषयाला वेळ देता येईल. पण वजाबाकी केल्याशिवाय कुणीही परीक्षा सोडायची नाही. आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलामुलींना हे तुम्ही शिकवा.

भाचीचा निकाल अजून लागायचा आहे. पास होईल की नाही, मला माहीत नाही. पेपरला मात्र ती बसली. जाताना तिने कंपासपेटीच्या झाकणावर आतून ३६ लिहून ठेवलं होतं.