पारखून घेतलेला धम्म : अलेक्झांद्रा दाविद-नेल यांचे चरित्र
(उपासक-उपासिकांच्या सभेतील भाषण)



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जो मार्ग मोकळा केला, त्या मार्गावर आपल्या कुटुंबांनी नुकतेच पाऊल टाकले आहे. दीक्षेचा विधी एका दिवसात आटोपतो. धम्माचा अभ्यास मात्र जन्मभर पुरतो. हा अभ्यास काय असतो, आणि तो करणाऱ्या स्त्रीची योग्यता कोठवर जाऊ शकते, हे कळावे म्हणून आज एका फ्रेंच विदुषीचे चरित्र मी आपल्यापुढे ठेवीत आहे. अलेक्झांद्रा दाविद-नेल हे तिचे नाव.

या बाईंचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी पॅरिसजवळील सँ-मांदे या गावी झाला. वडील प्रजासत्ताकाचे कट्टर पुरस्कर्ते व पत्रकार. आई धर्मनिष्ठ कॅथॉलिक. अशा घरात वाढलेल्या या मुलीने कोणताच धर्म केवळ जन्मामुळे आपला मानला नाही. पॅरिसमध्ये १८८९ साली उघडलेल्या गीमे संग्रहालयात आशियाखंडातील मूर्ती व ग्रंथ पाहून तिची जिज्ञासा जागी झाली. ती संस्कृत व तिबेटी भाषा शिकू लागली, बौद्ध ग्रंथ वाचू लागली, आणि ऐन तारुण्यात तिने स्वतःला बौद्ध म्हणवून घेतले. तिला कोणी बोलावले नव्हते, कोणी आमिष दाखविले नव्हते. तथागतांचा धम्म 'एहिपस्सिको' आहे. या, पाहा, आणि पटले तर घ्या, असे तो सांगतो. या मुलीने अगदी तसेच केले.

पोटासाठी तिने गायन पत्करले. हनोईच्या रंगभूमीवर ती काही काळ गायिका होती. याच सुमारास तिने लेखणीही हाती घेतली. १८९८ साली व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवार घेणारे तिचे एक पुस्तक निघाले. त्याला प्रख्यात भूगोलशास्त्रज्ञ एलिझे रेक्ल्यू यांनी प्रस्तावना लिहिली होती. पुढे ती 'ला फ्रोंद' या पत्रातही लिहू लागली. मार्गरित द्युराँ या बाईंनी १८९७ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये काढलेल्या या दैनिकात संपादनापासून खिळे जुळविण्यापर्यंतची कामे स्त्रियाच करीत असत. मुक्यांनी बोलावयाचे, तर पत्र स्वतःचे हवे, हे तत्त्व आपल्याला नवे नाही. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तो याच जाणिवेने.

त्या काळच्या फ्रान्समध्ये स्त्रीची स्थिती काय होती? कायद्याने पत्नीवर पतीच्या आज्ञापालनाचे बंधन होते. विवाहित स्त्रीला आपल्या मजुरीच्या पैशावर स्वतःचा हक्क मिळाला तो १९०७ साली, आणि मताचा अधिकार मिळण्यास १९४४ साल उजाडावे लागले. स्वातंत्र्य, समता व बंधुता यांची घोषणा करणाऱ्या देशाची ही कथा! दाविद-नेल बाई आपल्या लेखांतून बजावीत की, जिच्या हाती स्वतःची कमाई नाही, तिला केवळ मताच्या अधिकाराने मुक्ती मिळणार नाही.

१९०४ साली ट्युनिस येथे फिलिप नेल या रेल्वे अभियंत्याशी त्यांचा विवाह झाला. १९११ साली त्यांनी बौद्ध आधुनिकतेवर व बुद्धाच्या मूळ शिकवणुकीवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या आशियाकडे निघाल्या. दीड वर्षात परततो, असे पतीला सांगून गेलेल्या बाई परत आल्या चौदा वर्षांनी! या काळात पती त्यांना पैसे पाठवीत राहिले. परावलंबनावर टीका करणाऱ्या बाईंना स्वतःलाही या आधारावाचून प्रवास करता आला नाही, हे सत्य आपण झाकू नये. पुढे मात्र ग्रंथलेखनाने त्यांनी स्वतःचे उत्पन्न उभे केले.

१९१२ साली कालिंपाँग येथे त्यांनी तेराव्या दलाई लामांची भेट घेतली. नंतर सिक्कीममधील लाचेन येथे एका साधकाजवळ राहून, डोंगरातील गुहेत हिवाळे काढून, त्यांनी अध्ययन केले. त्या वेळी तिबेटात परकीयांना मज्जाव होता. १९१६ साली त्या सीमा ओलांडून शिगात्सेला जाऊन आल्या, तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांना सिक्कीममधून घालवून दिले. त्यांनी हार मानली नाही. जपान व चीनमार्गे त्या पुन्हा तिबेटकडे वळल्या. वाटेत कुंबुम येथील विहारात राहून त्यांनी ग्रंथांचे भाषांतर केले. अखेर योंगदेन या तरुण लामाबरोबर, त्याची भिकारीण आई बनून, तोंडाला काजळी फासून, बर्फाच्या घाटांतून पायी चालत त्या १९२४ साली ल्हासाला पोहोचल्या. त्या वेळी त्यांचे वय ५५ होते. ल्हासात पाऊल ठेवणारी ही पहिली युरोपीय स्त्री. सोंग म्हणून ज्याला मुलगा म्हटले, त्याला त्यांनी पुढे कायद्यानेही दत्तक घेतले.

ल्हासाच्या प्रवासाचे त्यांचे पुस्तक १९२७ साली निघाले आणि त्यांची कीर्ती झाली. त्यांच्या पुस्तकांतील तिबेटी जादूच्या कथा वाचून पुष्कळ युरोपीय वाचक मोहून गेले. आपण त्यांत गुंतण्याचे कारण नाही. परंपरेने आले किंवा ग्रंथात लिहिले आहे, एवढ्यावरून काहीही मानू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. हीच कसोटी या बाईंच्या पुस्तकांनाही लावावी.

त्यांच्या आणि आपल्या धर्मांतरात मोठे अंतर आहे, हेही ध्यानात ठेवा. त्यांना कोणी पाणवठ्यावरून हाकलले नव्हते. आपल्या पूर्वजांना १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठी लढा द्यावा लागला. दीक्षा घेतल्याबद्दल त्यांना कोणत्याही हक्काला मुकावे लागले नाही. आपल्या वडीलधाऱ्यांना केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. त्या एकट्या चालत गेल्या. आपण लाखोंनी, मुलाबाळांसह आलो. परंतु दीक्षेच्या दुसऱ्या दिवसापासून पुढचे काम दोघांचे सारखेच आहे: वाचणे, विचारणे, पारखणे आणि त्याप्रमाणे वागणे.

म्हणून भगिनींनो, घरच्या पुरुषांनी दीक्षा घेतली म्हणून आपणही बौद्ध झालो, एवढ्यावर समाधान मानू नका. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचवून घ्या, आणि न पटेल तेथे प्रश्न विचारा. आणि बंधूंनो, ती मुलगी शाळेतून काढू नका. महाप्रजापती गौतमीला संघाचे दार उघडून घेण्यासाठी कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत पायी चालत जावे लागले. आपल्या घरच्या मुलीला ज्ञानासाठी स्वतःच्या बापाशीच झगडावे लागू नये.

दाविद-नेल बाईंनी वयाच्या शंभराव्या वर्षी आपले पारपत्र नवे करून घेतले होते. ८ सप्टेंबर १९६९ रोजी फ्रान्समधील दिन्य येथे त्यांचा अंत झाला, तोवर त्यांचे लेखन चालूच होते. शंभर वर्षांच्या बाईला शिकण्यासारखे काही उरले होते. मग आपल्याला किती उरले असेल, याचा विचार घरी जाताना करावा, एवढीच माझी विनंती आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!