पाचपैकी पाच

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे मेसेज आले होते, की ताई, परदेशी शिकायला जाताना काय काय न्यायचं त्यावर एक भाग करा. बॅगेची यादी तुम्हाला कुठेही मिळेल हो. कुकर न्या, कुकरची रिंग एक जास्तीची न्या, औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी न्या. झालं. आज मला दुसरंच सांगायचंय. घराबाहेर हे अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि बाबांना विचारूनच सांगतेय.

मी मिरजेची. बाबा एसटीत कंडक्टर. ऑक्टोबर २०२३ मध्ये मी मास्टर्ससाठी जर्मनीत आले, माग्डेबुर्ग नावाच्या शहरात. एल्बे नदीच्या काठी आहे, बर्लिनहून ट्रेनने दीड-दोन तास. अजून इथेच आहे, थीसिस चाललाय.

फी नाही म्हणून जर्मनी, असं आपल्याकडे सगळे सांगतात. खरंय ते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नसते, सहामाहीला थोडी वर्गणी असते. पण व्हिसासाठी वर्षभराचा राहण्याखाण्याचा खर्च आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरून दाखवावा लागतो. माझ्या वेळी तो ११,२०८ युरो होता, २०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४ झाला. पैसे आपलेच, पण महिन्याला ठरावीक तेवढेच हातात येतात. मला ९३४ मिळायचे. तेव्हाच्या हिशोबाने ते दहा लाखांच्या घरात गेलं. कर्ज काढलं, घर तारण ठेवलं. त्या कागदावर बाबांनी सही केली तेव्हा मी शेजारी बसले होते. पेन उघडताना त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, बोलले काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात स्वतःची काळजी वगैरे कुठे आली? सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे गुणाकार. इथे आल्यावर प्रत्येक किमतीला मी ९० ने गुणायची. कॉफी दोन युरो, म्हणजे १८० रुपये. एक फ्लॉवर अडीच युरो, म्हणजे सव्वादोनशे. सव्वादोनशेचा फ्लॉवर कोण खातं? मग ठेव परत. विद्यापीठाच्या कँटीनला इथे मेन्झा म्हणतात, तिथे विद्यार्थ्यांना तीन-चार युरोत पोटभर गरम जेवण मिळतं. मी तिथे पहिल्या सत्रात पाच वेळासुद्धा गेले नसेन. भात आणि लोणचं. भात आणि दही. कंटाळा आला की ब्रेड. प्रत्येक सेंट वाचवला की बाबांचं कर्ज तेवढं कमी होतंय, असं मनात. ते अजिबात कमी होत नव्हतं. कमी होत होतं माझं वजन.

दुसरी गोष्ट अंधार. ही मला कुणीच सांगितली नव्हती. थंडी पडते एवढं सगळे सांगतात, जॅकेट घे, थर्मल घे. पण डिसेंबरमध्ये इथे सकाळी सव्वाआठला उजाडतं आणि चारच्या आत सूर्य मावळतो. त्यातही बरेच दिवस आभाळ भरलेलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे करतात, त्या दिवसापासून तर संध्याकाळ अंगावरच येते. आपलं शरीर वर्षभर मिरजेच्या उन्हाची सवय झालेलं. मला आधी झोप पुरेना, मग झोप येईना. नऊचं लेक्चर चुकायला लागलं. रेकॉर्डिंग बघू नंतर, असं म्हणायचं आणि रात्री दोनला मोबाईलवर कुणाकुणाच्या लग्नाचे रील बघत बसायचं.

आणि रोज संध्याकाळी पाचला आईचा व्हिडिओ कॉल. तिकडे साडेनऊ झालेले, भांडी आवरून ती निवांत बसलेली. "जेवलीस काय?" "हो." "काय केलंवतंस?" "आमटी, भात, बटाट्याची भाजी." मी कॅमेरा असा धरायची की मागचं टेबल दिसू नये. टेबलावर पत्रं होती.

पत्रांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण येणाऱ्या नवीन मुलांना त्याचा अंदाज नसतो. जर्मनीत अजून सगळं कागदावर चालतं. विम्याचं पत्र, बँकेचं पत्र, महानगरपालिकेचं पत्र. खाली पेटीवर तुमचं नाव चिकटवलेलं नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. सगळं जर्मनमध्ये, आणि भाषा अशी की नोटीसच वाटते. मला नोव्हेंबरमध्ये एक पत्र आलं, टीव्ही-रेडिओच्या फीचं. रुंडफुंकबायट्राग म्हणतात त्याला. टीव्ही असो नसो, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो. मी पत्र उघडलं, आकडा बघितला, ९० ने गुणलं आणि परत पाकिटात घातलं. मग दुसरं पत्र आलं, ते उघडलंच नाही. मग विम्याचं आलं, तेही नाही. जानेवारीपर्यंत नऊ पाकिटं झाली. मी पेटीकडे न बघता जिना चढायला शिकले होते.

फेब्रुवारीत परीक्षा. सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरला मी रात्रभर जागून गेले आणि चारपैकी दीड प्रश्न सोडवून बाहेर आले.

मार्चमध्ये निकाल लागला. ५.०.

इथली गुणांची पद्धत उलटी आहे. १.० सगळ्यात भारी, ४.० म्हणजे काठावर पास, आणि ५.० म्हणजे नापास. बऱ्याच कोर्समध्ये एका पेपरला तीनच संधी असतात, तिसऱ्यांदा गेला तर कोर्सच संपतो. मी लायब्ररीच्या जिन्यात बसून बाबांना फोन केला. खरंच सांगायचं ठरवून केला होता.

"बाबा, निकाल लागला."

"किती?"

"पाच."

"पाचपैकी पाच?" आवाज असा, की काय सांगू. मागे डेपोचा गोंगाट होता, ड्युटीवर होते. मी गप्प बसले. त्यांनी परत विचारलं, "पाचपैकी पाच ना गं?"

मी म्हटलं, "हो."

संध्याकाळी आईने सांगितलं, बाबांनी डेपोत पेढे वाटले. अर्धा किलो आणले होते, पुरले नाहीत म्हणून परत पाव किलो आणले.

मंडळी, त्यानंतरचे दहा-बारा दिवस मला नीट आठवत नाहीत. आजारी नव्हते. ताप नाही, खोकला नाही. उठायचं आणि परत पडायचं. आंघोळ तीन-तीन दिवस नाही. फोन घ्यायचा तेवढा घ्यायची, पाच मिनिटं हसायचं आणि ठेवायचा.

आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी. स्वयंपाकघर एकच. त्यातली एक इराणी मुलगी, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, फार बोलणं नव्हतं आमचं. सुरुवातीला माझ्या कुकरची शिट्टी झाली की ती खोलीतून धावत यायची, काहीतरी फुटलं म्हणून. मग तिला सवय झाली. तर त्या दिवशी दुपारी तिने दार वाजवलं. हातात चहाचा ग्लास. म्हणाली, "तुझा तो भोंगा बरेच दिवस वाजला नाही. तू जेवतेस ना?"

आईला हजारदा सांगितलेलं "हो" तिला सांगता आलं नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही. कदाचित तिने माझ्या नावावर कर्ज काढलं नव्हतं म्हणून.

मी रडले बिडले, ते जाऊ दे. ती आत येऊन बसली आणि तिने टेबलावरची पाकिटं बघितली. सल्ला एक दिला नाही, फक्त "उघडूया?" म्हणाली. एकेक पाकीट उघडायचं, मोबाईलच्या भाषांतराच्या ॲपमध्ये फोटो काढायचा आणि वाचायचं. नऊ पाकिटांतली चार नुसती माहितीची. विम्याच्या पत्रात ते नवीन कार्डासाठी फोटो मागत होते. आणि रुंडफुंकची फी? ती दर घरामागे असते, माणसामागे नाही. आमच्या फ्लॅटची ती आधीपासून भरत होती. मला तिचा क्रमांक ऑनलाईन कळवायचा होता, एवढंच. दहा मिनिटं लागली. चार महिने मी त्या पत्राला घाबरून जिन्यात मान फिरवत होते. तिचा वाटा मी नंतर दिला, माझ्यावाटचे महिन्याला ६.१२.

म्हणून येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे, की पत्र आलं त्याच दिवशी, उभ्या उभ्या, जिन्यात उघडा. कळलं नाही तर कुणाला तरी दाखवा. खोलीत नेऊन ठेवलं की ते वाढत जातं.

दुसऱ्या दिवशी तिनेच मला विद्यार्थ्यांच्या समुपदेशनाचा पत्ता दिला. जर्मनीत विद्यापीठांच्या शहरांत श्टुडिएरेंडनवेर्क नावाची संस्था असते, होस्टेल आणि मेन्झा तीच चालवते. तिच्याकडे बहुतेक ठिकाणी मानसिक समुपदेशनही असतं, आपल्याला वेगळे पैसे पडत नाहीत, बोललेलं बाहेर जात नाही, आणि बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत बोलता येतं. विम्यावर थेरपिस्ट मिळायला मात्र इथे महिनोन्‌महिने वाट बघावी लागते, म्हणून आधी इथे जावं. मला वाटलं होतं, बाई माझं बालपण वगैरे विचारतील. त्यांनी विचारलं, काल काय खाल्लं? किती वाजता उठलात? उजेडात शेवटचं कधी बाहेर पडलात? मला तिन्हीची उत्तरं देता येईनात.

मग हळूहळू जे केलं ते अगदी साधं आहे. दुपारी बाराच्या आत एकदा घराबाहेर पडायचं, पाऊस असला तरी. आठवड्यातून तीनदा मेन्झा. आणि गुणाकार बंद. म्हणजे उधळपट्टी नाही. पण इथली भाजी इथल्या पैशात मोजायची. महिन्याचे ९३४, त्यातून भाडं, विमा गेला की जेवणाला किती उरतात ते ठरवायचं आणि तेवढे जेवणावरच खर्च करायचे. ९० ने गुणायचंच असेल तर डॉक्टरांचं बिलही गुणून बघा म्हणावं. (इथे विम्यामुळे ते सहसा द्यावं लागत नाही, पण मुद्दा कळला असेल.) शनिवारी बाजार, कारण रविवारी दुकानं बंद. हे विसरलात की रविवारी उपास. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं. ऑक्टोबर ते मार्च इथल्या तिरप्या उन्हात ते त्वचेत पुरेसं तयारच होत नाही. गोळ्या मिळाल्या, पण ते डॉक्टरांना विचारूनच, मनाने डोस वाढवू नका.

दोन-तीन नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा. तातडीचं नाही पण दवाखाने बंद आहेत, तर ११६ ११७. जिवावरचं असेल तर ११२. आणि रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलावंसंच वाटलं तर ०८०० १११ ० १११, फुकट आहे, चोवीस तास, बहुतेक जर्मनमध्ये बोलतात.

हे सगळं सुरू झालं तरी पेढे होतेच डोक्यात. एप्रिलच्या एका रविवारी, बाबांची सुट्टी होती, मी फोन केला आणि एका दमात सांगितलं. पाच म्हणजे नापास. तेव्हा खोटं बोलले. जेवतेय म्हणायचे तेही खोटं होतं.

बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग बाबा म्हणाले, "बरं," आणि फोन आईकडे दिला. आई काही बोलली नाही, नुसती रडली. दोन दिवस फोन नाही. एवढे वाईट दोन दिवस मी त्या आधी काढले नव्हते, निकालाच्या दिवशीसुद्धा नाही. त्या दोन दिवसांत मी कुकर लावत होते मात्र. इराणी बाई ऐकत असायची ना.

तिसऱ्या दिवशी बाबांचा मेसेज आला. व्हॉइस नोट, आठ सेकंदांची. "परत पेपर कधी आहे? आणि फी किती?" मी लिहिलं, जुलैमध्ये, फी नाही. त्यावर अंगठा आला. त्यांनी डेपोत काय सांगितलं, सांगितलं की नाही, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

आईचा फोन परत सुरू झाला. उन्हाळ्यात इथलं घड्याळ पुढे जातं, म्हणून आता तो सहाला यायचा. "जेवलीस काय?" आणि मग तिने नवीनच सुरू केलं, "ताट दाखव." मी ताट दाखवते. कधीकधी ताटात नुसता ब्रेड असतो. तोही दाखवते. मग ती ओरडते, आणि तो ओरडा मला चालतो.

जुलैमध्ये परत पेपर दिला. ३.३ मिळाले. बाबांना फोन केला. ते आता गणित पाठ करून बसलेले.

"चारच्या आत आहे म्हणजे पास ना?"

"पास."

"पेढे आणू नको म्हणतीस?"

"नका आणू."

"बरं," म्हणाले. मागे आई म्हणत होती, विचार तिला, जेवली काय.

तर आजच्यापुरतं एवढंच. नवीन आलेल्यांनी खालच्या पेटीवर आपलं नाव लावलं नसेल तर आधी ते लावून या. पुढच्या भागात खोली शोधताना मी कशी फसता फसता वाचले ते सांगेन. भेटू.