रात्री दोनची भीती

आजचा विषय जड आहे, एपिसोड मात्र छोटा आहे.

मागच्या वर्षी वर्क फ्रॉम होम होतं, म्हणून मी मोर्शीला घरी होतो. एका रात्री दोन वाजता छातीत धडधडायला लागलं. मी काय केलं? मोबाईलवर लक्षणं टाकून सर्च केलं. पंधरा मिनिटांत मला तीन आजार झाले होते! सकाळी डॉक्टरांनी तपासलं, ईसीजी नॉर्मल. पण रात्री परत तेच. तेव्हा कळलं, मी शोधत होतो आजार, आणि भीती होती मरणाची.

अर्नेस्ट बेकर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने यावर 1973 मध्ये 'द डिनायल ऑफ डेथ' हे पुस्तक लिहिलं. तो म्हणतो, आपण मरणार हे माणसाला माहीत असतं, तरी सकाळी उठून कामाला जायचंच असतं. मग तो आपल्यापेक्षा जास्त टिकेल असं काहीतरी धरून ठेवतो: मुलं, धर्म, देश, नाव. बेकर 1974 मध्ये गेला आणि दोनच महिन्यांत या पुस्तकाला पुलित्झर मिळालं.

पुढे काही मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केले. 1989 च्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या 22 न्यायाधीशांना वेश्याव्यवसायाची एक केस दिली. ज्यांना आधी स्वतःच्या मरणाबद्दल लिहायला लावलं, त्यांनी जामीन लावला सरासरी 455 डॉलर. बाकीच्यांनी 50. म्हणजे मरण आठवलं की माणूस आपले नियम जास्तच घट्ट धरतो. अर्थात, याच पठडीतला दुसरा एक प्रयोग नंतर अनेक लॅबनी मिळून परत केला, तेव्हा परिणाम दिसला नाही. म्हणून हे शेवटचं सत्य समजू नका.

आता आपल्या जिल्ह्यात या. तुकडोजी महाराज 11 ऑक्टोबर 1968 ला गुरुकुंज मोझरीत गेले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात तिथे दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन पाळतात. लहानपणी आजीसोबत गेलो होतो. एवढी माणसं आणि आवाज नाही! तेव्हा नुसतं आश्चर्य वाटलं होतं. आता वाटतं, इथे लोक मरणाकडे पाहतात, पण दिवसाउजेडी, ठरलेल्या वेळी आणि सगळे मिळून. मी पाहत होतो रात्री दोनला, एकटा, स्क्रीनमध्ये.

शेवटी आजीला सांगितलं. वाटलं, हसेल. ती म्हणाली, "भेव तर मले बी वाटते. एकट्यानं कायले भेतं? मले उठवत जाय."

ऐंशी वर्षांची बाई. तिलाही वाटते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

भीती गेली का? नाही. पण आता रात्री लक्षणं सर्च करत नाही. छातीत दुखलं तर सरळ डॉक्टर. नुसती भीती असेल तर माणूस. घरात कोणी नसेल तर 14416, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन. फोन मोफत आहे, 24 तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

आज घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाला विचारा, "तुम्हाला भीती वाटते का?" मग फक्त ऐका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.