खाणीतून उपसलेले पाणी नदीला परत मिळाले पाहिजे



माघ सरला की आपल्या नेरळ-कर्जत भागात नद्यांची दोन रूपे दिसू लागतात. भिवपुरीच्या टाटा वीजघरातून सुटणारे पाणी पेज नदीवाटे उल्हासला मिळते, त्यामुळे तिच्या काठची मंडळी उन्हाळ्यातही तग धरतात. राजनाल्याखाली तर भाताचे दुसरे पीक निघते. पण पोशीर, चिल्हार अशा नद्यांना वरून कोणी पाणी सोडत नाही. पावसाळ्यात काठच्या मातीत आणि मुरमात जे मुरले, तेच पुढे हळूहळू नदीत उतरते. त्या पाझरावर तुमची भेंडी-काकडी, गुरांचे पिणे आणि काठच्या विहिरी चालतात.

अशा काठाला वाळू-गोट्यांसाठी खोल खड्डा घेतला आणि तो कोरडा ठेवण्यासाठी इंजिन लावले, म्हणजे काय होते? भाताच्या खाचराशेजारी खोल चर खणला तर खाचरातले पाणी बांधाखालून चरात उतरते, हे तुम्ही पाहिलेले आहे. तसेच हे. आधी नदीकडे जाणारा पाझर वाटेत तुटतो. खड्ड्यातली पातळी नदीच्याही खाली गेली, की नदीच उलट खड्ड्याकडे पाझरू लागते. ठेकेदार म्हणतो, "मी माझ्या खड्ड्यातलं पाणी काढतोय, नदीला हात लावत नाही." त्याला ते खरेही वाटत असेल, पण जमिनीखाली सातबाऱ्याची हद्द नसते.

भांडायला जाण्याआधी मोजून घ्या. दोनशे लिटरचे पिंप इंजिनाच्या पाइपाखाली धरा आणि ते किती सेकंदांत भरते ते पाहा. वीस सेकंदांत भरले, तर सेकंदाला दहा लिटर झाले. दहा तास इंजिन चालले तर ३ लाख ६० हजार लिटर पाणी बाहेर पडले. एक एकराला दोन इंच पाणी द्यायला सुमारे दोन लाख लिटर लागते. म्हणजे रोज पावणेदोन एकरांचे भरणे चालले आहे. तसेच दोरीला दगड बांधून काठच्या दोन-चार विहिरींची पातळी आठवड्यातून एकदा, सकाळी मोटर लावण्यापूर्वी मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. जवळच्या विहिरी लांबच्यांपेक्षा भराभर उतरत असतील, तर उपशाचा संशय बळावतो. दोन-चार दिवस इंजिन बंद असताना त्या सावरू लागल्या, तर बोलायला पुरावा झाला. तोंडी तक्रारीपेक्षा अशी वही तहसील कचेरीत जास्त बोलते, हे ध्यानात ठेवा.

आता भरपाईचे. सर्वांत बरे म्हणजे उपसाच न करणे. पाणी लागण्याच्या हातभर वरच खोदाई थांबवावी. खाली जायचेच म्हटले, तर उपसलेले पाणी रस्त्याकडेच्या गटारात किंवा दुसऱ्या ओढ्यात न सोडता त्याच नदीला द्यायचे. मात्र गढूळ पाणी तसेच सोडू नका. त्यातला गाळ तळावर बसतो आणि पाझराची तोंडे बुजतात. आधी एकापुढे एक दोन खड्ड्यांत पाणी निवळू द्या. मग जिथून नदी खड्ड्याकडे पाझरते त्याच्या थोडे वरच्या अंगाला ते सोडा. खाली सोडले तर मधल्या पट्ट्यातले डोह कोरडेच राहणार.

एवढ्याने नदीचे भागते, विहिरींचे भागत नाही. विहिरी आणि खड्डा यांच्यामध्ये एक लांब चर घेऊन निवळलेले पाणी त्यात सोडले, तर जमिनीतली पातळी तिथे उचलून धरली जाते. यातले काही पाणी पुन्हा खड्ड्यात येते आणि इंजिन जास्त चालवावे लागते. म्हणून धनी कुरकुर करतो. करू द्यावी. डिझेलचा खर्च त्याचा, पाणी सगळ्यांचे.

एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. फाल्गुनात इंजिन बंद झाले म्हणजे नदी त्याच दिवशी सुटली असे नाही. एक एकराचा खड्डा पाच मीटर भरायला दोन कोटी लिटर पाणी लागते, आणि भर उन्हाळ्यात ते मुख्यतः काठच्या जमिनीतून आणि नदीतूनच ओढले जाते. काम संपवायचेच तर ते पावसाळ्याच्या तोंडावर संपवावे. आषाढ-श्रावणात खड्डा भरला तर कोणाचे बिघडत नाही. तोवर पाणी परत देणे चालू राहिले पाहिजे.

पुढे उरलेले तळे ऊनही पिते. दिवसाला पाच मिलिमीटर जरी वाफ धरली तरी एकरामागे वीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचे दोन टँकर रोज उडून जातात. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९८० साल संपल्यानंतर भूजल उघडे पडलेल्या अशा खाणींच्या धन्याला या वाफेचीही भरपाई नदीला करून द्यावी लागते. आपण निदान उपशाची भरपाई तरी मागू. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी पाच हेक्टरांखालील गौण खनिज खाणींनाही पर्यावरण परवानगी लागेल असे सांगितले. तेव्हा "लहान खड्डा आहे" ही सबब ऐकू नका. परवानगीचा कागद पाहायला मागा. पाणी कुठे, किती आणि कोणत्या महिन्यापर्यंत परत द्यायचे हे ग्रामसभेच्या ठरावात घाला आणि ठरावाची प्रत तहसीलदारांना द्या. विनापरवाना खोदाई असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली तेच कारवाई करतात.

वनराई बंधारा पाण्याची भर घालत नाही. वाहून जाणारे थोपवून धरतो. तरीही खड्ड्याच्या वरच्या अंगाला, धार बारीक होण्याआधी, कार्तिकात तो घातला तर मुरवण उशिरापर्यंत टिकते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-मुरमाने भरा. नदीतलीच वाळू उपसून गोण्या भरणारेही महाभाग भेटतात! त्यांना गोण्या नव्हे, आधी चहा द्या आणि बाजूला बसवा. खाणीच्या खालच्या अंगाला मात्र बंधारा घालून समाधान मानू नका. वरून धारच आली नाही, तर तिथे अडवायला काही उरत नाही.