चित्राला मौन पाळता येत नाही

(व्याख्यानाचा संपादित अंश)



मुलांसाठी लिहावयाचे, तर थोडे कमी ज्ञान पुरते, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. इंग्लंडमधील लष्करी इतिहासकार पीटर कॉनोली (१९३५-२०१२) यांचे कार्य हे या समजाला चोख उत्तर आहे.

कॉनोलींचे शिक्षण चित्रकलेचे. १९७५ साली रोमन सैन्यावर त्यांनी मुलांसाठी सचित्र पुस्तक लिहिले. मागोमाग ग्रीक सैन्ये आणि हॅनिबल यांवरील पुस्तके आली. १९८१ मध्ये या तिन्हींतून 'ग्रीस अँड रोम ॲट वॉर' हा ग्रंथ सिद्ध झाला आणि बालवाचकांसाठी आरंभलेले काम अभ्यासकांच्या संदर्भग्रंथांत जाऊन बसले.

हे कसे घडले? विद्वानाला 'याविषयी निश्चित माहिती नाही' असे लिहून पुढे जाता येते. चित्रकाराला ती सवलत नाही. घोडेस्वार काढायचा, तर घोड्याच्या पाठीवर खोगीर काढावेच लागते. रोमन स्वाराला रिकीब नव्हती. मग तो घोड्यावरून लढे कसा? रोमन छावण्यांच्या उत्खननांत खोगिराच्या चामड्याचे अवशेष आणि शिंगाच्या आकाराचे ब्राँझचे पत्रे सापडले होते. त्यांवरून कॉनोलींनी चार शिंगांच्या खोगिराचा लाकडी सांगाडा कल्पिला. तसे खोगीर प्रत्यक्ष घडवून घोड्यावर त्याची परीक्षा झाली. ही शिंगे स्वाराची मांड पक्की धरून ठेवतात, हे दिसून आले. रिकिबीविना घोडदळ दुबळेच असणार, या रूढ मताला त्यामुळे धक्का बसला. १९९१ साली यावरील शोधनिबंध कॅरोल व्हॅन ड्रिएल-मरे यांच्यासह 'ब्रिटानिया' या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला.

विद्वन्मान्यता लाभली, तरी कॉनोलींनी मुलांकडे पाठ फिरवली नाही. १९८८ मध्ये त्यांनी तिबेरियस क्लॉडियस मॅक्सिमस या सैनिकावर दोन बालपुस्तके लिहिली. हा नायक काल्पनिक नव्हे. डेशियाचा राजा डेसेबालस याला गाठून त्याचे शिर सम्राट ट्राजनपुढे नेल्याची नोंद त्याच्या समाधिशिलेवर आहे. ही शिला ग्रीसमध्ये फिलिपीजवळ सापडली.

प्रौढ वाचक लेखकाला पुरावा विचारू शकतो. मूल विचारत नाही. ते विश्वास ठेवते. म्हणूनच त्याच्यासाठी लिहिणाऱ्याने प्रत्येक शंका आधी स्वतःच घ्यावी लागते. शौर्यकथा मुलांच्या हाती देणाऱ्या प्रत्येक पालकाने आणि शिक्षकाने हे व्रत ध्यानी ठेवावे.