मोडण्यासाठीच बसवलेला बोल्ट



वैशाखाच्या उकाड्यात पंख्याने वारा घेत बसलेल्या श्रोत्यांपुढे हिम उपसण्याच्या यंत्रावर बोलावयास आम्ही उभे राहिलो आहोत, याचे आपणांस हसू येईल. परंतु ज्या गोष्टीने आम्हांस शहाणे केले, ती आम्हांस हिमातच भेटली. त्याला आमचा इलाज नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराच्या काठी बफेलो नावाचे शहर आहे. नोकरीनिमित्त त्याच्या दक्षिणेकडील एका गावात आमचा बराच काळ गेला. हिवाळ्याच्या आरंभी थंडगार कोरडा वारा सरोवराच्या अजून न गोठलेल्या पाण्यावरून येतो, वाटेत वाफ उचलतो आणि किनारा ओलांडताच ती हिमाच्या रूपाने खाली टाकतो. २०१४ च्या नोव्हेंबरात तेथल्या काही उपनगरांत थोड्या दिवसांत पाच फुटांहून अधिक हिम पडले होते.

हिम पिंजलेल्या कापसासारखे दिसते म्हणून ते हलके असावे असे वाटते. आपण हिशेब करून पाहू. घरापासून रस्त्यापर्यंतची वाट २० मीटर लांब, ३ मीटर रुंद. तीवर ३० सेंटिमीटर हिम. म्हणजे १८ घनमीटर. ताज्या हिमाचे वजन घनमीटरला १०० किलो धरले, तरी शंभर किलोची अठरा पोती झाली! हिम ओले असेल तर याच्या तिप्पट. आणि हे फावड्याने, कडाक्याच्या थंडीत, सकाळी कामावर जाण्यापूर्वी उपसावयाचे. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, जोर लावल्याने रक्तदाब चढतो; हिम उपसता उपसता माणूस कोसळल्याच्या बातम्या तेथे दर हिवाळ्यात येतात.

आमच्या शेजारचे म्हातारबाबा असेच कोसळले होते. ते वाचले, पण डॉक्टरांनी फावड्याला हात लावण्यास मनाई केली. त्यांच्या पडवीत ताडपत्रीखाली बागेतला एक जुना ट्रॅक्टर धूळ खात होता. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ साली ‘कब कॅडेट’ नावाचा, सात अश्वशक्तीचा लहानसा ट्रॅक्टर बाजारात आणला. त्याच घराण्यातला हा थोडा मागाहूनचा. पुढे हिम फेकण्याचे यंत्र जोडलेले. “चालू करून देशील तर दोघांच्या वाटा साफ होतील,” म्हातारबाबा म्हणाले. आम्ही बाह्या सरसावल्या.

यंत्राची रचना सोपी आहे. पुढे लोखंडी खोक्यात आडवे मळसूत्र फिरते. त्याचे अर्धे आटे उजवे, अर्धे डावे. त्यामुळे दोन्ही बाजूंचे हिम मध्ये ओढले जाते आणि मधली पाती ते वरच्या वळत्या नळकांड्यातून दूर भिरकावतात. एंजिनाची शक्ती पट्ट्याने पुढे येते आणि शेवटी साखळीने मळसूत्राला मिळते.

एंजिनाने फारसे छळले नाही. हवेने थंड होणाऱ्या त्या एंजिनाच्या पाखांत उंदरांनी घरटे केले होते, ते काढले. कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता, तो धुतला. प्लग, पट्टा, तेल नवे घातले. नळकांडे आतून खरवडून रंगविले व त्याला मेण चोळले, म्हणजे ओले हिम चिकटत नाही. मागच्या चाकांना वजने आणि साखळ्या बांधल्या.

खरे दुखणे पुढे होते. साखळी तुटलेली, दातेरी चाकाचे दात उडालेले, मळसूत्राचे पाते वाकलेले. चाक दांड्याला ज्या बोल्टने जखडलेले होते तो मात्र नव्यासारखा शाबूत! आम्ही तो म्हातारबाबांना दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तो मीच घातला.”

त्या जागी कंपनी मुद्दाम मऊ पोलादाचा बोल्ट देते. हिमाखाली दगड किंवा लाकूड दडलेले असते. ते अडकले की हा बोल्ट मोडतो आणि बाकीचे यंत्र वाचते. एका वादळात तो दोनदा मोडला. म्हातारबाबा चिडले आणि त्यांनी हाती आला तो कठीण बोल्ट ठोकला. पुढच्या दगडाला बोल्ट मोडला नाही, यंत्र मोडले. मग त्यांनी फावडे उचलले. त्यानंतरचे आपणांस ठाऊकच आहे.

आम्ही योग्य तो मऊ बोल्ट बसवला आणि तसलेच सहा डब्यात घालून आसनाखाली ठेवले. खडीच्या वाटेवर यंत्राचे पाय थोडे उंच केले, म्हणजे दगड कमी उचलले जातात. डिसेंबरात यंत्र चालले. फूटभर हिमात ते संथपणे, पण न थकता जाई. त्याहून उंच थर असला की दोन टप्प्यांनी घ्यावा लागे.

एका सकाळी ओल्या हिमाने नळकांडे तुंबले. घाईत एंजिन चालू ठेवूनच आम्ही हात आत घालू लागलो. “थांब!” म्हातारबाबा ओट्यावरून ओरडले. “एंजिन बंद कर. किल्ली माझ्या हातात दे. मग काठीने काढ, हाताने नव्हे.” एंजिन बंद केल्यावरही ताणलेला पट्टा अडकलेल्या पात्यांना एखादा झटका देऊ शकतो, हे त्यांनी नंतर सांगितले. पुढे नेमच झाला; नळकांडे तुंबले की किल्ली त्यांच्या तळहातावर जाई. त्यामुळे आमची दहाही बोटे शाबूत आहेत.

मंडळी, आपल्याकडेही फ्यूज वारंवार जातो म्हणून जाड तार घालणारे हुशार लोक घरोघरी आहेत. त्यांना वाटते, आपण दुबळी जागा बळकट केली. वस्तुतः ती जागा दुबळी नसते. बाकीच्यांसाठी आधी मोडण्याचे काम तिला नेमून दिलेले असते. ती मोडली तर चिडू नये. एंजिन बंद करावे, खाली उतरावे, काय अडकले आहे ते पाहावे आणि तसाच दुसरा बोल्ट घालावा. पाच मिनिटे जातात; एवढेच.